रिक्त संच म्हणजे ‘सगळे’?

गेल्या वर्षी आमच्या एका लहानशा प्रशिक्षण उपक्रमात ३६ शिक्षक एकाच वेळी संगणकावर दीर्घोत्तरी चाचणी देत होते. चाचणीची पाने ज्या सर्व्हरवर होती तो आमच्या मालकीचा नव्हता. तो ‘क्लाउड’वर, म्हणजे दूरच्या एका मोठ्या संगणक-केंद्रात, वापराच्या वेळेप्रमाणे भाड्याने घेतलेला होता. भाडे वाचावे म्हणून मी एक छोटी आज्ञावली लिहून ठेवली होती. तिचा नियम साधा होता. प्रोसेसरचा वापर सलग अर्धा तास ५ टक्क्यांच्या खाली राहिला, तर सर्व्हरला काम नाही असे समजायचे आणि तो बंद करायचा.

चाचणी सुरू झाली. पाने उघडताना वापर जरासा वाढला आणि मग जवळजवळ शून्यावर आला, कारण ३६ जण विचार करत होते आणि आपापल्या यंत्रावर उत्तरे लिहीत होते. ‘जमा करा’ हे बटण दाबेपर्यंत सर्व्हरकडे काहीच जात नव्हते. अर्ध्या तासाने आज्ञावलीने आपले काम चोख बजावले. काहींनी उत्तरे आधी वहीत लिहिली होती म्हणून ती वाचली, पण निम्म्याहून अधिक जणांची गेली ती गेलीच. एक बाई हसून म्हणाल्या, “सर, मुले गप्प बसून विचार करत असली की तपासणीला आलेल्या साहेबांनाही असेच वाटते, वर्गात काही चाललेले नाही.”

चूक माझी होती, यंत्राची नव्हती. पण ती कोणत्या प्रकारची होती हे मला नीट समजायला बराच वेळ लागला. ते समजले ते एका इंग्रजी पुस्तकातल्या एका प्रकरणामुळे. त्या प्रकरणाची ओळख करून द्यावी आणि त्यात काय कमी पडते तेही सांगावे, यासाठी हा लेख.

आधी सर्व्हर आपोआप चालू-बंद करण्याची गरज का पडते ते पाहू. दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. निकालाचे पान वर्षभर जवळजवळ कोणी पाहत नाही, आणि त्या दिवशी ठरलेल्या वेळी लाखो मुले व पालक एकाच मिनिटात ते उघडतात. तेवढ्या गर्दीसाठी वर्षभर शेकडो यंत्रे बाळगणे परवडत नाही. यंत्रे तासावर भाड्याने मिळू लागली तेव्हा हा पेच सुटला. ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये अशी सेवा सुरू केली तेव्हा लहान सर्व्हरचे भाडे तासाला १० सेंट होते. मे २००९ मध्ये गर्दीप्रमाणे सर्व्हरची संख्या आपोआप कमीजास्त करण्याची सोयही तेथे आली. गंमत अशी, की सुरुवातीची काही वर्षे तेथे सर्व्हर ‘बंद’ करण्याची सोयच नव्हती. होते ते ‘संपवणे’. संपवलेला सर्व्हर त्यावरच्या मजकुरासह जात असे. आज बंद करून उद्या तोच पुन्हा चालू करण्याची सोय डिसेंबर २००९ मध्ये आली. बंद करणे आणि संपवणे यांतला हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या विषयावरचे बहुतेक मार्गदर्शक साहित्य एकाच सुरात लिहिलेले असते. आठवड्याचे तास १६८. कार्यालय सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते रात्री ८ चालते, म्हणजे ६० तास. उरलेले १०८ तास सर्व्हर बंद ठेवला की ६४ टक्के वेळेचे भाडे वाचले! हिशेब बरोबर आहे आणि सातवीतला मुलगाही तो करील. मात्र सर्व्हर बंद असला तरी त्याच्या डिस्कचे भाडे चालूच राहते, हे अशा लेखात शेवटी बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. वेळापत्रके अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे ग्रिनिचच्या शून्य रेखावृत्ताच्या वेळेत, लिहावी लागतात, हेही सहसा सांगत नाहीत. ‘सकाळी ८’ असे लिहून निश्चिंत झालेल्या माणसाचा सर्व्हर भारतात दुपारी दीड वाजता चालू होतो. सोमवारी पहाटे ५ ला तो चालू करायचा असेल, तर वेळापत्रकात रविवार रात्रीचे साडेअकरा लिहावे लागतात. भूगोलाच्या शिक्षकांना रेखावृत्ते शिकवताना हे उदाहरण जरूर वापरता येईल.

पण या तपशिलाच्या चुका झाल्या, त्या एकदा ठेच लागली की सुधारतात. या साहित्यावर माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. ते सारे ‘केव्हा’ या प्रश्नाभोवती फिरते. केव्हा चालू करावे, केव्हा बंद करावे. आज्ञावलीला परिस्थिती कळली नाही तर तिने काय करावे, हा प्रश्न त्यात येत नाही. माझ्या आज्ञावलीला चाचणी चालू असल्याचे ठाऊक नव्हते. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला ठाऊक नाही हे कळण्याची तिच्याकडे काही सोय नव्हती. ‘काम दिसत नाही’ आणि ‘काम नाही’ ही दोन वाक्ये तिच्या लेखी एकच होती.

हा प्रश्न ज्यात भेटला ते पुस्तक म्हणजे ‘साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंग’. गूगलची प्रचंड यंत्रणा चालती ठेवणाऱ्या अभियंत्यांनी लिहिलेल्या प्रकरणांचा हा जाडजूड संग्रह ओ’रायली या प्रकाशनाने २०१६ मध्ये काढला. बेट्सी बायर, ख्रिस जोन्स, जेनिफर पेटॉफ आणि नियाल मर्फी हे त्याचे संपादक. त्यातले सातवे प्रकरण गूगलमधल्या स्वयंचलनाच्या उत्क्रांतीवर आहे आणि ते मर्फी यांनी जॉन लूनी व मायकेल कासिरेक यांच्यासह लिहिले आहे.

प्रकरणाची सुरुवात स्वयंचलनाच्या फायद्यांनी होते, आणि येथेच ते इतर साहित्यापासून वेगळे पडते. वेळ आणि पैसा यांची बचत हा त्याचा पहिला मुद्दा नाही. पहिला मुद्दा सातत्याचा आहे. तेच काम माणूस शंभर वेळा सारखे करीत नाही. प्रयोगशाळेत एकच वाचन दहा मुलांकडून घेणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको. बचतीचा मुद्दा यादीत अगदी शेवटी येतो.

पुढे एक लांबलचक हकिकत आहे. नवे संगणक-केंद्र उभारले की त्यातली शेकडो कामे ठरावीक क्रमाने चालू करावी लागतात. गूगलच्या अभियंत्यांनी प्रथम प्रत्येक पायरीसाठी एक तपासणी लिहिली. नावांची सेवा चालू आहे का? साठवण तयार आहे का? मग प्रत्येक तपासणीला एक दुरुस्ती जोडली. तपासणी नापास झाली की दुरुस्तीची आज्ञावली आपोआप चालायची. कल्पना सुंदर होती, पण काही तपासण्या भरवशाच्या नव्हत्या. सगळे ठीक असताना त्या कधी कधी उगाच नापास होत. मग दुरुस्ती विनाकारण चालायची आणि जे नीट होते ते अर्धवट अवस्थेत जायचे.

येथे लेखकांनी एक मोलाची कल्पना वापरली आहे, ती थोडी सविस्तर सांगतो. लिफ्टचे बटण अधीरपणे दहा वेळा दाबले तरी लिफ्ट एकदाच येते. काही दिव्यांचे बटण मात्र असे असते की एकदा दाबले की दिवा लागतो आणि पुन्हा दाबले की विझतो. पहिल्या प्रकारची आज्ञा कितीही वेळा दिली तरी परिणाम एकच राहतो, दुसऱ्या प्रकारात मोजदाद चुकली की घोटाळा होतो. स्वयंचलनाच्या आज्ञा पहिल्या प्रकारच्या हव्यात, कारण मध्येच काही बिनसले की त्या पुन्हा पहिल्यापासून चालवाव्या लागतात. ‘अवस्था बदल’ असे न सांगता ‘अमुक अवस्थेत आण’ असे सांगायचे. शून्याने कितीही वेळा गुणले तरी उत्तर शून्यच राहते, हे उदाहरण देऊन आठवीच्या वर्गातही ही कल्पना मांडता येईल.

आणि मग येते प्रकरणाच्या शेवटाकडची एक छोटी हकिकत. मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणाचा प्राण तीत आहे. गूगलने जगभर ठिकठिकाणी, दुसऱ्यांच्या जागेत, लहान लहान यंत्रसमूह ठेवले होते. जवळच्या वापरकर्त्यांना माहिती लवकर मिळावी हा त्यांचा उपयोग. एखादी मांडणी काढून टाकायची असली की तिच्यातल्या यंत्रांच्या डिस्का पूर्ण पुसाव्या लागत आणि तेही काम आपोआप होई. एकदा अशी एक मांडणी काढताना डिस्का पुसण्याची पायरी नीट पार पडली, पण पुढची एक पायरी अडली. काय अडले ते शोधण्यासाठी सारी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून चालवली गेली. या वेळी आज्ञावलीने पाहिले, की आता पुसण्यासारखे यंत्र उरलेले नाही. म्हणजे पुसायच्या यंत्रांचा संच रिक्त होता. हे अनुमान अगदी बरोबर होते. पण पुसण्याची यंत्रणा लिहिणाऱ्याने कधीतरी असा संकेत ठरवला होता, की यादी रिकामी आली तर त्याचा अर्थ ‘सगळी’ असा घ्यायचा! काही मिनिटांत त्या जाळ्यातल्या जवळजवळ सगळ्या ठिकाणच्या सगळ्या यंत्रांच्या डिस्का कोऱ्या झाल्या.

आपण नववीत पहिल्याच प्रकरणात संच शिकवतो. रिक्त संच हा प्रत्येक संचाचा उपसंच असतो हे मुले पाठ करतात, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, “सर, ज्याच्यात काहीच नाही तो संच घेऊन करायचे काय?” त्या प्रश्नाला इतके सज्जड उत्तर मला दुसरीकडे कोठेही सापडलेले नाही. ‘काही नाही’, ‘काही सांगितलेले नाही’ आणि ‘सगळे’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना आपण त्या संदर्भाने ओळखतो. दुकानदाराने “काय काय देऊ?” असे विचारल्यावर आपण गप्प राहिलो तर तो दुकान रिकामे करून देत नाही. आज्ञावलीला हा संदर्भ कोणीतरी लिहून द्यावा लागतो.

लेखकांचे कौतुक असे की त्यांनी ही फजिती लपवली नाही. पुढे काय झाले तेही सांगितले आहे. गूगलची स्वतःची मोठी केंद्रे शाबूत होती, त्यांनी सारा भार उचलला, आणि बाहेरच्या जगाला थोडी दिरंगाई सोडता फारसे काही जाणवले नाही. पुसलेली यंत्रे पुन्हा उभी करायला दोन दिवस लागले. नंतरचे काही आठवडे स्वयंचलनाच्या आज्ञावल्या तपासण्यात गेले. त्यांत शहानिशा करणाऱ्या अटी घातल्या, ठरावीक वेळात किती यंत्रांवर कारवाई करता येईल यावर मर्यादा आणली, आणि मांडणी काढण्याची प्रक्रिया लिफ्टच्या बटणासारखी केली.

आता तक्रारी. पहिली तक्रार मांडणीची. ही हकिकत प्रकरणाच्या शेवटी, जेवणानंतरच्या पानसुपारीसारखी येते. तोपर्यंत वाचक गूगलच्या अंतर्गत नावांच्या गर्दीत थकलेला असतो. खरे तर ती आधी यायला हवी होती आणि बाकीचे प्रकरण तिच्या उजेडात वाचले जायला हवे होते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. हे प्रकरण घरमालकाने लिहिलेले आहे, भाडेकरूने नव्हे. गूगलची यंत्रे गूगलच्या मालकीची आहेत. त्यामुळे भाड्याचा मीटर पळतो आहे म्हणून घाईने बंद करण्याचा मोह त्यात कोठेच नाही, आणि तुमच्या-माझ्यासारख्याला सगळ्यात आधी चकवतो तो हाच मोह. डिस्का पुसल्या गेल्यावरही दुसरी केंद्रे होती म्हणून सारे निभावले. लेखक याचे श्रेय क्षमतेच्या चांगल्या नियोजनाला देतात आणि ते रास्तच आहे, पण ज्या संस्थेकडे एकच सर्व्हर आहे तिने या हकिकतीतून काय घ्यावे, याचे उत्तर प्रकरणात नाही.

ते उत्तर मला अंशतः ॲमेझॉनच्या एका अहवालात मिळाले. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातली त्यांची साठवण सेवा चार तासांहून अधिक काळ कोलमडली आणि तिच्यावर अवलंबून असलेली असंख्य संकेतस्थळे अडली. कारण असे, की बिलांच्या यंत्रणेतला संथपणा शोधताना एका कर्मचाऱ्याने काही थोडे सर्व्हर काढून घेण्याची आज्ञा दिली. रीत ठरलेली होती आणि अधिकारही होता, पण आज्ञेतली एक नोंद चुकली आणि बरेच जास्त सर्व्हर निघाले. त्यामुळे दोन मूलभूत उपयंत्रणा पूर्णपणे नव्याने चालू कराव्या लागल्या. मोठ्या केंद्रांत त्या कित्येक वर्षांत पूर्णपणे बंद-चालू केलेल्या नव्हत्या, आणि मधल्या काळात साठा अफाट वाढला होता. त्यामुळे चालू व्हायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला. सेवेची स्थिती लोकांना दाखवणारा फलकही त्याच साठवणीवर अवलंबून होता, त्यामुळे सुरुवातीला तो सगळे आलबेल दाखवत राहिला!

हा अहवाल लांबीने दोन-तीन पानांचा, भाषेने रुक्ष, कर्मणी प्रयोगाने भरलेला आहे. तरी समीक्षक म्हणून मी त्याला गूगलच्या प्रकरणापेक्षा एका बाबतीत वरचे गुण देईन. नोंद माणसाची चुकली असली तरी दोष त्याने हत्याराला दिला आहे. इतकी यंत्रे इतक्या झपाट्याने काढू देणारे हत्यारच सदोष होते, असे म्हणून त्यांनी दोन बदल केले. एक, यंत्रे सावकाश काढायची. दोन, कोणतीही उपयंत्रणा तिच्या किमान गरजेच्या खाली जात असेल तर आज्ञा मानायचीच नाही. हे दोन्ही नियम एक सर्व्हर असलेल्या संस्थेलाही तितकेच लागू पडतात. एकच सर्व्हर असेल तर किमान संख्या एक. त्याच्या खाली जायचे तर माणसाला विचारून.

चालू करणे ही बंद करण्याची निव्वळ उलट क्रिया नाही, हेही या अहवालातून दिसते. ११ ऑगस्ट २०१६ रोजी ‘रेडिट’ हे चर्चेचे मोठे संकेतस्थळ सुमारे दीड तास बंद पडले, त्याच्या खुलाशात हे अधिक स्पष्ट झाले आहे. तेथे यंत्रांच्या नोंदींचे स्थलांतर चालू होते. अर्धवट नोंदी वाचून सर्व्हर चालू-बंद करणाऱ्या आज्ञावलीने गोंधळ घालू नये म्हणून अभियंत्यांनी ती आधीच हाताने बंद केली होती. शहाणपणाचेच केले. पण सर्व यंत्रांवर ठरलेल्या आज्ञावल्या चालू आहेत ना हे पाहणारी दुसरी एक आज्ञावली होती. तिने पाहिले की एक बंद पडली आहे, आणि इमानाने ती पुन्हा चालू केली. पहिलीने अर्धवट नोंदी वाचल्या आणि काही सेकंदांत पुष्कळसे सर्व्हर संपवले. दोन्ही आज्ञावल्यांचे वागणे आपापल्या जागी बरोबर होते. माणसाने मुद्दाम केलेली कृती आणि बिघाड यांतला फरक ओळखण्याची सोय मात्र कोणीच केली नव्हती. नंतर सर्व्हर परत आले तरी त्यांचा वारंवार लागणारा, हाताशी ठेवलेला साठा रिकामा होता, त्यामुळे सगळा भार एकदम मूळ माहितीसाठ्यावर पडला. ग्रामीण भागातल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. कृषिपंपांना ऑटो-स्विच लावलेले असतात. वीज आली की सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो, म्हणून तर महावितरण ऑटो-स्विच काढायला सांगत असते. प्रत्येक शेतकऱ्याचा स्विच त्याच्यापुरता सोयीचाच असतो.

असे वाटेल, की या जुन्या चुका आता दुरुस्त झाल्या असतील. ऑक्टोबर २०२५ मध्ये, आपल्याकडे २० तारखेची दुपार होती तेव्हा, ॲमेझॉनच्या त्याच व्हर्जिनियातल्या केंद्रात एका माहितीसाठा सेवेचा पत्ता सांगणारी नोंद रिकामी झाली. होय, पुन्हा रिकामी! पत्ते अद्ययावत ठेवणाऱ्या आज्ञावलीच्या तीन प्रती काम करत होत्या. रेंगाळलेल्या एकीने जुनी योजना नव्यावर लिहिली, आणि दुसरीने ती जुनी दिसते म्हणून झाडून टाकली. सेवा चालू होती, पण तिचा पत्ताच उरला नाही. स्वयंचलनाला ही अवस्था सुधारता येईना आणि माणसांना हात घालावा लागला. त्यानंतरही नवे सर्व्हर चालू करण्यात तासन् तास अडथळे येत राहिले. कंपनीच्या खुलाशात एक प्रांजळ कबुली आहे. या परिस्थितीतून बाहेर पडण्याची कोणतीही ठरलेली रीत अभियंत्यांकडे नव्हती.

ही कबुली वाचताना लिझान बेनब्रिज यांची आठवण होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात स्वयंचलनातल्या विसंगतींवर एक छोटा निबंध लिहिला. त्यांच्यासमोर कारखान्यांचे नियंत्रण-कक्ष होते, क्लाउड स्वप्नातही नव्हता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. जे सोपे तेवढे रचनाकार यंत्राकडे देतो आणि जे त्याला जमत नाही ते माणसासाठी ठेवतो. रोजचे काम हातातून गेल्यामुळे माणसाचा सराव सुटतो, आणि त्याला बोलावले जाते ते नेमके सगळ्यात अवघड क्षणी. म्हणजे स्वयंचलन जितके चांगले, तितके माणसाचे प्रशिक्षण अधिक हवे.

गूगलचे प्रकरण या विचाराशी अनभिज्ञ नाही. माणसाचा सराव तुटतो आणि यंत्रणा काय करते आहे याचे त्याच्या मनातले चित्र जुने होते, असे ते स्पष्ट म्हणते. तरीही त्यातली स्वयंचलनाची शिडी पाहा. माहितीसाठ्याचा मुख्य सर्व्हर पडला तर काम दुसऱ्याकडे सोपवण्याचे उदाहरण घेऊन लेखकांनी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. खाली माणूस सगळे हाताने करतो. मग एखाद्याच्या खासगी संग्रहात आज्ञावली असते, मग ती सगळ्यांसाठी होते, मग माहितीसाठ्याबरोबरच येते, आणि शेवटच्या पायरीवर यंत्रणा स्वतःच बिघाड ओळखून स्वतःच सावरते. शिडीची रचनाच अशी, की वर चढणे म्हणजे प्रगती असे वाचकाने मानावे. वर गेल्यावर खालच्या पायऱ्यांचा सराव कसा टिकवावा, याला प्रकरणात फारशी जागा नाही. इतर ठिकाणी उत्तरे आहेत. नेटफ्लिक्सने भर कामाच्या वेळेत आपलेच सर्व्हर मुद्दाम बंद पाडणारी आज्ञावली लिहिली आणि २०१२ मध्ये ती सर्वांना खुली केली. माणसे जागेवर असताना बिघाड झालेला बरा, हा त्यामागचा विचार. शाळेत आगीची तालीम आपण आग लागलेली नसतानाच घेतो. गणकयंत्र हाती आल्यावर पाढे शिकवावेत की नाही या आपल्या जुन्या वादाचेच हे मोठ्यांचे रूप आहे, आणि तो वाद गूगललाही सुटलेला नाही, याचे मला थोडे बरेही वाटले.

आमच्या चाचणीचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. उत्तरे आता दर मिनिटाला आपोआप जमा होतात. आज्ञावली प्रोसेसरकडे पाहून निर्णय घेत नाही. चाचणी घेणारे शिक्षक सुरुवातीला आणि शेवटी एक खूण करतात, ती खूण ती वाचते. खूण वाचता आली नाही तर सर्व्हर चालूच राहतो आणि मला संदेश येतो. या बदलामुळे दोनदा शेवटची खूण करायची राहिली आणि सर्व्हर रात्रभर चालू राहिला. त्याचे भाडे मी खिशातून भरले. सहामाहीत एकदा आज्ञावली बाजूला ठेवून, कागदावर लिहिलेल्या क्रमाने, सर्व्हर हाताने बंद आणि चालू करतो. पहिल्या वेळी त्याला ५० मिनिटे लागली, कारण कागदावरची दुसरी पायरी चुकीची होती.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि गूगलने ते महाजालावर विनामूल्य वाचायला ठेवले आहे. सातवे प्रकरण सुटे वाचता येते. शिक्षकांनी ते शेवटाकडून वाचावे. आधी पुसलेल्या डिस्कांची हकिकत, मग संगणक-केंद्र चालू करण्याची, आणि शिडी सर्वांत शेवटी.